गल्लीची डॉक्टरीण

बी.ई. सिव्हिल झाल्यावर मी एम.ए. मानसशास्त्राला प्रवेश घेतला, ही बातमी आमच्या घरात कुणी वारल्याची बातमी सांगावी तशी हळू आवाजात सांगितली जायची. म्हणजे आई सांगायची. पप्पा सांगायचेच नाहीत.

पप्पा हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले होते. मंगळवार पेठेतली आमची निम्मी गल्ली त्यांच्या हातून शिकलेली, उरलेली निम्मी त्यांच्या हातचा मार खाल्लेली. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, अगदी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. कॉपी करताना सापडलेल्या सख्ख्या पुतण्याला वर्गाबाहेर काढलेला माणूस. त्यावरून चुलत्यांनी दोन दिवाळ्या आमच्या घरचा फराळ घेतला नाही, पण पप्पांना त्याचं काही वाटलं नाही. सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं गल्लीत धरूनच चालत.

अशा माणसाची मी एकुलती एक मुलगी. मला गणित यायचं, म्हणून इंजिनिअरिंग. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. डिग्री झाली आणि शहराबाहेरच्या एका बिल्डिंगच्या साइटवर मी वर्षभर काम केलं. तिथं माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. स्लॅबची सळई तपासायला मी जायची आणि सळई बांधणाऱ्या बायका आपसांत काय बोलतात तेच ऐकत उभी राहायची. कोण नवऱ्याला सोडून आली, कुणाचं पोर गावाकडं सासूजवळ आहे, कुणाला संध्याकाळ झाली की धाप लागते. सळईतलं अंतर कमीजास्त झालं तर मुकादम मला दाखवून द्यायचा. साक्षात्कार बिक्षात्कार काही झाला नाही मला. एवढंच कळलं, की माझं लक्ष जिथं असायला पाहिजे तिथं नाही, आणि जिथं आहे तिथं शिकायला मिळत असेल तर जावं.

पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "मग ऐक की," ते म्हणाले. "इंजिनिअरला कान नसतात व्हय?" मी जोक समजून हसले. त्यांनी ताट तसंच ठेवून हात धुतला. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग आईकरवी निरोप आला, की तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणावं तिला.

विद्यापीठात तरी माझं स्वागत होईल असं वाटलेलं. कशाचं काय! वर्गातल्या बाकीच्या मुली बी.ए.पासून हाच विषय घेऊन आलेल्या. त्या ज्यांची नावं सहज घ्यायच्या, ती मला वहीत लिहून घरी येऊन शोधावी लागायची. पहिल्या चाचणीत मी दुःखाची कारणं चौकोन काढून, बाण जोडून लिहिली. बाईंनी पेपर परत देताना विचारलं, की यात माणूस कुठं बसवलायस. वर्ग हसला, मीही हसले आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. इंजिनिअरिंगच्या मैत्रिणींचा ग्रुप होता, त्यावर कुणी पुण्याला लागलं, कुणी परदेशी निघालं. मी काय करते हे कुणी विचारलं की एवढं मोठं उत्तर द्यावं लागायचं, की शेवटी मी ग्रुपच सोडला. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी नक्की कोण, याचं एका ओळीचं उत्तर ना माझ्याकडं होतं, ना घरात.

ते पप्पांनी तयार केलं. संध्याकाळी निवृत्त मंडळींचा कट्टा बसायचा. तिथं कुणीतरी विचारलं, सर, पोरगी पुढं काय करतीय. आणि आयुष्यभर खोटं न बोललेला हा माणूस म्हणाला, "मनाची डॉक्टर व्हायला लागलीय."

मला हे कळलं ते फ्लेक्समुळं. आमच्याकडं कुणाचा वाढदिवस असो, कुणी मिसरूड फुटल्या फुटल्या भरतीत निवडला जावो, नाहीतर कुणाच्या कुत्रीला पिल्लं होवोत, तालमीची पोरं फ्लेक्स लावतात. सकाळी विद्यापीठात जायला म्हणून गाडी काढून बाहेर पडले, तर कोपऱ्यावर विजेच्या खांबाला मीच टांगलेली. 'आपल्या गल्लीची शान, डॉक्टरसाहेब यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो माझ्या इंजिनिअरिंगच्या ओळखपत्रावरचा, पण गळ्याखाली कुणा भलत्याच पुरुषाचा पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप. खाली शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चेहरे. फ्लेक्स लावणारा म्हणाला, "दीदी, नाद खुळा आलाय फोटो." मला ती गाडी, ती गल्ली, तो खांब, सगळं सोडून पळून जावंसं वाटलं.

मी तशीच मागं फिरले आणि घरात शिरून ओरडले. एम.ए. करून कुणी डॉक्टर होत नाही. औषध लिहून देता येत नाही. उद्या कुणी खरंच दारात येऊन उभं राहिलं तर? पप्पा पेपरमधून डोकं वर काढेनात. चार दिवसांत उतरवतील म्हणाले. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "तू साइट सोडल्यापासून आज पहिल्यांदा ते मान वर करून दूध आणायला गेले. गप बस आता." मी गप बसले नाही, पण फ्लेक्सही उतरला नाही. तो वाऱ्यानं फाटेपर्यंत तिथंच राहिला.

आमच्या समोर किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागं काका-काकूंचं घर. काकू मूळच्या राधानगरीकडच्या. बोलायला फटकळ, हात सढळ. दुकानातून अर्धा किलो मागितलं तर पुडी हमखास जडच भरणार. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्या दुकानात दिसायच्या नाहीत. तब्येत बरी नाही एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

एका शनिवारी दुपारी त्या वाटीत भाजी घेऊन आल्या. आई झोपलेली. पप्पा बाहेरच्या खोलीत, सोप्यात होते, त्यांनी काकूंना बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसल्या. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. जेवण गिळत नाही. हसू येत नाही, रडू पण येत नाही.

मी लगेच सांगितलं, की काकू, मी डॉक्टर नाही. त्यांनी डोळा बारीक केला. "मोठ्यानं बोलू नको. ठाऊक हाय मला. तुला अजून दवाखाना काढायची परवानगी न्हाई."

मी परत सांगितलं. चांगल्या डॉक्टरांकडं जाऊया, मी स्वतः बरोबर येते, असंही म्हणाले. त्या म्हणाल्या, तिथं बाकड्यावर बसलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत बोंब. तुझ्याकडं वाटी घेऊन आलं तर कोण विचारतंय. आणि मी काही बोलायच्या आत त्या सांगायला लागल्या, की त्यांची आई गेली तेव्हा पूर होता. सगळे रस्ते बंद. फोनवर कळलं, आणि फोनवरच सगळं उरकल्याचंही कळलं. "तोंड बघायला मिळालं न्हाई," म्हणाल्या, आणि तिथंच, आमच्या फरशीवर, पदर तोंडात कोंबून रडल्या. कितीतरी वेळ रडल्या. मी काय केलं? पाणी दिलं आणि शेजारी बसले. दुसरं काही मला येतही नव्हतं.

मग त्या येतच राहिल्या. कधी कोशिंबीर, कधी आंबील. आईबद्दल बोलता बोलता त्या लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, दुकानाच्या मागच्या खोलीत काय काय झालं तेही बोलल्या. ते मी इथं लिहिणार नाही. मी दर वेळी सांगायची की मी डॉक्टर नाही, आणि दर वेळी त्या मान हलवायच्या, जसं लहान मुलाचं ऐकल्यासारखं करतात तसं. विद्यापीठातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की ऐकायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरकडं पाठव. मी पप्पांना म्हणाले, तुम्ही सांगा काकूंना, तुमचं ऐकतील. पप्पा म्हणाले, "बोलून बरं वाटतंय तिला. तुझं काय जातंय?"

आणि बरं वाटतही होतं हो. श्रावणात काकूंनी केसांत गजरा माळला. गणपतीत आरतीला आल्या. त्यांचं वाटी घेऊन येणं गल्लीच्या नजरेतून सुटलं नव्हतं, गल्ली माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. पप्पांचा आवाज कट्ट्यावर मोठा झाला. मलाही वाटलं, जमतंय आपल्याला. इतके दिवस वर्गात मागच्या बाकावर बसून जे कळत नव्हतं, ते आमच्या ओट्यापाशी कळत होतं. त्या दिवसांत मी खुशीत होते, हे खोटं कशाला सांगू.

दिवाळी झाली आणि काकू यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, फराळाच्या कामात असतील. मग एका सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा, त्यांना सगळीकडं तांदळाची पावडर लागलेली.

काकू पहिल्यापासून लांबच्या, पेठेत कुणाला पत्ता लागणार नाही अशा एका डॉक्टरांच्या गोळ्या घेत होत्या, आणि हे काकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला तर अजिबात नाही. माझ्याकडं यायला लागल्या त्याच आठवड्यात त्यांनी गोळ्या बंद केल्या. काकांसमोर गोळी तोंडात टाकल्यासारखं करायच्या आणि पाकिटं तांदळाच्या डब्यात तळाशी लपवायच्या. आपल्या गल्लीतली डॉक्टरीण गोळीशिवाय बरं करते म्हटल्यावर गोळी कशाला? आता त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. जेवण बंद, अंघोळ बंद, आणि कालपासून पाणीही नको म्हणत होत्या. काकांना वाटत होतं, गोळ्या मीच बंद करायला लावल्या. ते रागावले नव्हते. फक्त विचारत होते, की बाळ, असं कशाला सांगितलंस.

मी पळतच समोर गेले. काकूंच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. दवाखान्यात चला म्हणाले. "डॉक्टर समोर असताना दुसरीकडं कशाला नेतासा?" त्या भिंतीलाच म्हणाल्या. मी डॉक्टर नाही, काकू, खरंच नाही. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, तू लहान हायस, भितीयास. सर खोटं बोलत न्हाईत.

उचलून न्यावं तर आरडाओरडा झाला असता, आणि काकांना ते सहन झालं नसतं. काकू फक्त एका माणसाचं ऐकणार होत्या, आणि तो माणूस आमच्या सोप्यात पेपर धरून बसला होता.

मी पप्पांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मी काय सांगू तिला?" मी म्हणाले, खरं सांगा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. अजून त्यांच्या डोक्यात कट्टाच होता. आई दारात उभी होती. शेवटी ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि निघाले, मी त्यांच्या मागं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. तालमीचा तो फ्लेक्सवालाही होता. पप्पांना मागच्या दारानं जाता आलं असतं, पण ते दुकानातूनच आत गेले आणि आतलं दार उघडंच राहिलं. काकूंसमोर उभे राहून, वर्गात बोलायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "वहिनी, माझी मुलगी डॉक्टर नाही. होणारही नाही. ती एम.ए. करतीय. मला लाज वाटत होती, म्हणून मी खोटं बोललो."

दुकानातला तराजू हलायचा थांबला. 'होणारही नाही' हे काही त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, तरी ते ऐकल्यावर मी दुकानाकडं पाठ फिरवली.

काकूंनी भिंतीकडून तोंड वळवलं. पप्पांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. एखादी वस्तू आपली आहे का परकी, ओळखायचा प्रयत्न करावा तसं वरपासून खालपर्यंत. मग भिंतीला धरून उठल्या, चपला शोधल्या आणि काकांनी दारात आणून ठेवलेल्या रिक्षात जाऊन बसल्या. इतक्या दिवसांनी त्या आपल्या पायानं उठल्या म्हणून काका रडायला लागले.

वाचल्या काकू. काही दिवस दवाखान्यात होत्या, मग घरी आल्या. डॉक्टर चांगले होते, गोळ्या लागू पडल्या. तेवढ्यापुरतं सगळं ठीक झालं असंच म्हणायचं. सरांनी वेळेवर सांगितलं म्हणून बाई वाचली, असं गल्लीत दोन-चार जण म्हणालेही. बाकीच्यांनी मला 'बोगस' हे नाव ठेवलं. मी रस्त्यावरून जाताना कुणी खोकलं, की दुसरा म्हणायचा, डॉक्टर चालल्यात, दाखव की. आमच्या गावची थट्टा तोंडावर असते, त्यामुळं तिच्याकडं दुर्लक्षही करता येत नाही. हसून पुढं जायचं. मीही तेच केलं.

पप्पांनी कट्टा सोडला. रंकाळ्यावर फिरायला जायचे, तेही सोडलं. ते कुणावर चिडले नाहीत, माझ्यावरही नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. दुपारभर सोप्यात बसायचे आणि दारावरून कुणी "काय सर" म्हणत गेलं की पेपर उंच धरायचे. मी एकदा म्हणाले, की सोडून देते हे एम.ए., परत साइटवर जाते. त्यांनी पेपर खाली न घेताच सांगितलं, की आता तरी पुरं कर. म्हणजे इतकं सगळं गमावून झाल्यावर निदान ते तरी पदरात पडू दे, असं त्यांना म्हणायचं होतं. मी पुरं केलं. माझ्या उत्तरांतले चौकोन गेले, बाण गेले. बाई शेवटी शेवटी म्हणायच्या, की तुझ्या लिहिण्यात आता माणूस दिसतो. मला त्यात काही आनंद होईना.

निकाल लागला. चांगला लागला. आईनं पेढे आणले आणि घराघरांत द्यायला मलाच पाठवलं. समोरच्या घरी जायचं माझं धाडस नव्हतं. काकू बऱ्या होऊन आल्यापासून आमच्या दारात एकदाही आल्या नव्हत्या. वाट्यांची देवघेव थांबली होती. गॅलरीत समोरासमोर आलो तर त्या कपडे वाळत घालायचं अर्धवट टाकून आत जायच्या. पण सगळ्यांना पेढे देऊन एक घर गाळलं असतं तर ते दिसलं असतं.

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, गोळ्यांनी तसं होतं. बस म्हणाल्या. पेढा घेतला, देवाला दाखवला, निम्मा खाल्ला. काय पास झालीस विचारलं, मी सांगितलं. चांगलं झालं, म्हणाल्या. मला त्या क्षणी वाटलं, की संपलं ते सगळं, आता बोलता येईल. मी म्हणाले, की काकू, तुम्ही माझ्याजवळ जे बोललात ते मी कुणाला, आईलासुद्धा सांगितलेलं नाही, कधीच सांगणार नाही. आणि तुम्हाला तेव्हा बरं वाटत होतं ते खोटं नव्हतं. गोळ्या हव्याच होत्या, पण ते बोलणंही खरंच होतं.

त्यांनी सुपातला हात थांबवला.

"डॉक्टर समजून सांगितलं गं मी," त्या म्हणाल्या. "शेजारच्या पोरीला सांगितलं नसतं."

मी मान खाली घातली. आता डॉक्टरांशी बोलता ना, असं विचारलं. मला तेवढं तरी ऐकायचं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ते इचारतात. पण आता कुणासमोर बसलं की वाटतंय, हे तरी खरं डॉक्टर हायत का न्हाईत. गोळ्या लिहून घेतो आन् येतो. आईचं न्हाई बोललो परत कुणाजवळ."

मग त्यांनी राहिलेला पेढा कागदात गुंडाळून काकांसाठी फळीवर ठेवला, आणि सूप उचलून दुकानात बसायला गेल्या. काकांची जेवायची वेळ झाली होती.